क्रोशाची पिशवी पाच किलो पेलणारी हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत क्रोशाची सुई पुन्हा अनेक हातांत दिसू लागली आहे. दाराची तोरणे, ताटावरचे रुमाल आणि रुखवत यांच्या पलीकडे जाऊन ती आता खांद्यावरच्या पिशवीपर्यंत आली, हे चांगलेच झाले. पण प्रदर्शनांत टांगलेल्या किंवा मोबाइलवर बघून विणलेल्या पिशव्या जरा उचलून पाहा. बहुतेक पिशव्या रिकाम्या असतात तोवरच देखण्या. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात दोन किलो कांदे, किलोभर बटाटे, किलोभर टोमॅटो, एक कोबीचा गड्डा आणि वर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरल्या की तीच पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते, पट्टा दोरीसारखा होऊन खांद्यात रुततो, जाळीतून मिरच्या गळतात. दोन खेपांनंतर ती खुंटीवर जाते आणि हातात पुन्हा दुकानदाराची पिशवी येते. यात क्रोशाचा दोष नाही. रुमालाचा टाका, रुमालाचा सैलपणा आणि रुमालाची झालर ओझ्याच्या कामाला लावली की असे होणारच. रोज वापरायची पिशवी सुरुवातीपासून ओझ्याच्या हिशेबाने विणावी लागते. तो हिशेब कसा करायचा, ते आकड्यांसह मांडावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

दुकानदाराच्या पिशवीबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये दंड हे बऱ्याच जणांना पाठ आहे. त्यानंतर जी ‘कापडासारखी’ रंगीत पिशवी सगळीकडे आली, ती कापडाची नाही. न विणता, उष्णतेने दाबून चिकटवलेले ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच आहे. दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांना केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून मनाई आहे. शंका आली तर धागाभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. प्लास्टिक वितळून आक्रसते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी बनतो. हीच कसोटी दोरा घेतानाही लावायची आहे, कारण ‘कॉटन’ म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गुंड्यांत अॅक्रिलिक मिसळलेले असते. घरी आल्यावर ताटलीवर टीचभर दोरा जाळला की पावतीपेक्षा खरे उत्तर मिळते.

आता दोऱ्याकडे येऊ. पिशवीसाठी शंभर टक्के सुती दोरा घ्यावा, चांगला पीळ असलेला. दुकानात ‘आठ पदरी’ म्हणून मागितला जातो, पण पदरांच्या आकड्यावर विसंबू नये. पदर बारीक असले तर आठ पदरी दोराही नाजूक निघतो. गुंडीच्या पट्टीवरचे वजन आणि लांबी पाहावी. १०० ग्रॅममध्ये १७० ते २०० मीटर बसत असतील तर तो दोरा या कामाला योग्य. खाली दिलेल्या मापाच्या पिशवीला अशा चार गुंड्या, म्हणजे ४०० ग्रॅम, पुरून दोरा उरतो. चारही गुंड्या एकदम आणि एकाच लॉट क्रमांकाच्या घ्याव्यात. पंधरा दिवसांनी आणलेला ‘तोच’ मरून रंग उन्हात धरल्यावर तोच नसतो, आणि ही गोष्ट पिशवी पूर्ण झाल्यावरच डोळ्यांत भरते. गडद रंगाचा दोरा असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून पाहावा. रंग उतरला तर दोरा परत करावा. मिठाच्या पाण्यात भिजवून तो पक्का होत नाही. मीठ रंगवताना उपयोगी असते, रंगवून झाल्यावर नाही.

लोकर नको. अॅक्रिलिकची लोकर हलकी आणि स्वस्त असली तरी ओझ्याने ताणते आणि कुशीला घासून तिच्यावर गोळे येतात. चकचकीत पॉलिस्टर दोरीच्या पिशव्या मजबूत असतात, हे मान्यच करायला हवे. पण प्लास्टिक टाळण्यासाठी प्लास्टिकचीच दोरी विणायची, याला काय म्हणावे? जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्यांची पिशवी होते, फक्त ती जड होते. अडीच सेंमीच्या पट्ट्या कापून, ताणून गुंडाळल्या तर एका पिशवीला चार-पाच टी-शर्ट लागतात. भाजी भरण्याआधीच पाऊण किलो खांद्यावर. त्या दोऱ्याची गाडीत ठेवायची टोपली करावी, पिशवी करू नये.

सुई मिलिमीटरमध्ये मागावी. तोरणाच्या बारीक पोलादी सुयांवर क्रमांक असतात आणि त्यांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे क्रमांकाने मागणाऱ्याच्या हाती भलतेच काही पडते. वरच्या दोऱ्याला सुई लागते ३.५ मिमी. गुंडीच्या पट्टीवर बहुधा ४ किंवा ४.५ मिमी लिहिलेले असते, ते स्वेटर-टोपीसाठी. पिशवीला त्याहून एक-दोन मापे बारीक सुई घ्यायची, म्हणजे वीण घट्ट बसते. इथे हात दुखू लागतो, म्हणून अनेक जणी जाड सुईवर जातात आणि पिशवी तिथेच बिघडते.

टाका एकच पुरे: मुका खांब. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा. साधारण दुप्पट उंचीच्या पूर्ण खांबाने काम दुप्पट वेगाने वर चढते खरे, पण दोन खांबांमधल्या फटीतून बोट जाते, मग किल्ली का जाणार नाही? इंटरनेटवरचे नमुने वापरणाऱ्यांसाठी एक धोका इथे सांगायलाच हवा. अमेरिकन नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. त्यालाच ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे मात्र आपला पूर्ण खांब. नमुना कुठला आहे ते न पाहता सुरुवात केली की ३४ सेंमीची पिशवी ७० सेंमीची होते. आपली मराठी नावे यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत; वर्गांत तीच वापरावीत.

विणायला बसण्याआधी नमुन्याचा चौकोन करण्याचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. तरीही करावा. २४ मुके खांब आणि २६ ओळी घालून तुकडा विणा, धुवा, वाळवा, आणि मगच मधले १० सेंमी मोजा. आडवे २० टाके आणि उभ्या २२ ओळी आल्या पाहिजेत. टाके १८ च आले तर वीण सैल आहे, ३ मिमीची सुई घ्या. २२ आले तर हात घट्ट आहे, पिशवी थोडी लहान होईल इतकेच, ते चालेल. धुण्याआधी मोजलेले माप मात्र फसवे असते, कारण सूत पहिल्या धुण्यात आटते.

तळ आयताकृती करावा. गोल तळाची पिशवी दिसते छान, पण तिच्यात डबा उभा राहत नाही आणि भाजी मधोमध घसरून टोक काढते. ४ मिमीच्या सुईने ६१ साखळ्या, म्हणजे फासातून फास ओढून केलेली सुरुवातीची रांग, घाला. साखळीपुरती सुई जाड, कारण साखळी घट्ट झाली की तळ नावेसारखा वर वळतो. मग ३.५ मिमीची सुई घेऊन सुईकडून दुसऱ्या साखळीपासून ६० मुके खांब. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक साखळी घालून वळायचे. अशा २२ ओळी झाल्या की ३० बाय १० सेंमीचा तळ तयार होतो. ही एक साखळी टाका म्हणून मोजायची नाही. नवशिक्यांचा तळ त्रिकोणी का होतो, त्याचे उत्तर इथेच आहे: कधी ती साखळी टाका समजून तिच्यात खांब घातला जातो, कधी ओळीतला शेवटचा टाका सुटतो. प्रत्येक ओळीच्या पहिल्या खांबात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवावा आणि निदान पाच ओळींनी एकदा ६० मोजावेत. २२ ओळी उसवण्यापेक्षा मोजणे सोपे.

तळाच्या भोवती फिरताना लांब बाजूंवर ६०-६० टाके येतात. आखूड बाजूंवर ओळी २२ असल्या तरी टाके २० च घ्यायचे, म्हणजे दोन ओळी सोडायच्या, एक सुरुवातीच्या तिसऱ्या भागात आणि एक शेवटच्या. प्रत्येक ओळीला एक टाका घेतला तर आखूड बाजूला झालर पडते. फेरी पूर्ण झाली की एकूण टाके १६०, कोपऱ्यांत वाढ नाही. दुसरी फेरी प्रत्येक टाक्याच्या वरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागच्या दोऱ्यातून विणावी. त्यामुळे तळ आणि भिंत यांच्यामध्ये स्पष्ट घडी पडते आणि पिशवी खोक्यासारखी उभी राहते. पुढच्या फेऱ्या नेहमीसारख्या, दोन्ही दोऱ्यांतून. फेरी जोडू नये, गोगलगाईच्या शंखासारखे फिरत जावे. फेरीचा पहिला टाका मात्र खुणेने धरून ठेवावा. अशा एकूण ७५ फेऱ्यांनी उंची ३४ सेंमी होते.

हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्यात चुकण्यासारखे फारसे नाही. गाठीचे तेवढे सांभाळावे. कारखान्यातून येतानाच गुंडीत एक-दोन गाठी असतात. त्या तशाच विणून टाकल्या तर एखाद्या दिवशी बाजारात सुटतात. गाठ दिसली की दोरा कापावा, नवा दोरा जोडावा आणि दोन्ही टोके १०-१२ सेंमी ठेवून बोथट टोकाच्या जाड सुईने आधी एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला टाक्यांच्या पोटातून ओवावीत. तकाकीचा, म्हणजे मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असतो. त्याचे टोक एकाच दिशेला ओवले तर हमखास निसटते.

पट्ट्यांची जागा ठरवताना मात्र फार जणी फसतात. वर्तुळात एकाच दिशेने विणलेले मुके खांब नेमके एकावर एक बसत नाहीत. उजव्या हाताने विणणाऱ्यांचे टाके हळूहळू उजवीकडे सरकत जातात. पहिल्या फेरीत जिथे मधोमध होता, तिथला टाका ७५ व्या फेरीत मधोमध नसतो. खुणेपासून टाके मोजून पट्टे लावले की पिशवी खांद्यावर तिरकी लटकते, आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. म्हणून शेवटची फेरी संपल्यावर मोजणी विसरावी. पिशवी टेबलावर सपाट अंथरावी, तळाच्या आखूड बाजूंचे मध्य दोन्ही कडांना आणावेत आणि त्या कडांच्या सरळ वर, काठावर पिना लावाव्यात. आता पुढे ८० टाके, मागे ८०. प्रत्येक बाजूला कडेपासून २४ टाके सोडून पट्ट्याचा पहिला पाय, मध्ये ३२ टाके मोकळे, मग दुसरा पाय आणि पुन्हा २४.

कडेच्या पिनेपासून विणायला लागा: २४ मुके खांब, मग ११० साखळ्या, ३२ टाके सोडून पुढचे ४८ मुके खांब, पुन्हा ११० साखळ्या, ३२ सोडून उरलेले २४. साखळीला पीळ पडलेला नाही ना, हे इथेच बघा. या फेरीवर चार फेऱ्या मुक्या खांबांच्या. साखळीवरून जाताना साखळीगणिक एक. कोपऱ्यांतली घट (ती पुढे सांगितली आहे) सोडली तर फेरीत ३१६ टाके येतात. मग दोरा तोडून पट्ट्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे ३२ मोकळे टाके आणि साखळीची दुसरी कड मिळून जी खिडकी तयार होते तिच्यात, चार फेऱ्या. पट्टा जिथे पिशवीला भेटतो, त्या प्रत्येक कोपऱ्यात आतून आणि बाहेरून दर फेरीला दोन टाक्यांचा एक करावा. नाही केला तर तिथे चुण्या पडतात. पट्टा साधारण साडेतीन ते चार सेंमी रुंद आणि ५५ सेंमी लांब होतो. पिशवी काखेत व्यवस्थित बसते आणि हातात धरली तर जमिनीला लागत नाही.

पट्टा असा लांबीच्या दिशेने का विणायचा? आठ-दहा टाक्यांच्या आखूड ओळी एकावर एक रचूनही पट्टा होतो आणि बऱ्याच नमुन्यांत तसाच दिलेला असतो. पण त्यात ओझे प्रत्येक ओळीला वर-खाली ओढते, प्रत्येक ओळ थोडी थोडी उघडते, आणि शंभराहून अधिक ओळींचे ते थोडे थोडे मिळून पट्टा वीतभर लांबतो. लांबीच्या ओळींत ओढ टाक्यांच्या रांगेतूनच जाते, त्यामुळे ताण कमी पडतो. कमी, पूर्ण बंद नाही. सुताला रबरासारखी परत येण्याची सवय नाही. एकदा लांबलेला पट्टा धुतल्यावर थोडा आवरतो आणि पुढच्या बाजाराला पुन्हा लांबतो.

म्हणून पट्ट्याच्या आत नवार घालावी. ज्या सुती नवारीने पूर्वी पलंग विणायचे, तशीच, दोन सेंमी रुंदीची. प्रत्येक पट्ट्याला ७४ सेंमी, दोघांना मिळून दीड मीटर पुरते. ७४ चा हिशेब असा: पट्ट्यातून जाणारी ५४ आणि दोन्ही टोकांना अस्तरावर शिवायला १०-१०. पट्टा ५५ चा आणि नवार ५४ ची, हा एक सेंमीचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. नवार आखूड असली की ओझे तिच्यावर येते आणि विणलेला पट्टा नुसता आवरण म्हणून राहतो. दोन्ही सारख्या लांबीच्या झाल्या, तर आधी वीण ताणते आणि मग नवारीची पाळी येते, म्हणजे नवार घालून काही साधले नाही. नवार पट्ट्याच्या मधोमध ठेवून पट्ट्याच्या दोन्ही लांब कडा तिच्यावर दुमडाव्यात आणि स्लिप स्टिचने, त्या बिनउंचीच्या टाक्याने, एकमेकींना जोडाव्यात. पायांपाशी पाच-पाच सेंमी न दुमडता सपाट ठेवले तर कोपरा फाटत नाही. जोडलेला भाग गोलसर होतो आणि पकडायलाही बरा पडतो.

अस्तर शोभेसाठी नसते. मांजरपाट किंवा जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग आधी धुऊन, आटवून घ्यावा. तुकडा ४२ बाय ८० सेंमी: रुंदीत ४० सेंमी आणि दोन शिलाया, लांबीत ३३ अधिक १० अधिक ३३ आणि वरच्या दोन घड्यांचे ४. लांबीत दुमडून दोन्ही बाजू शिवल्या, की तळाच्या दोन कोपऱ्यांना त्रिकोण करून १० सेंमीची आडवी शीवण मारायची. बरोबर ३० बाय १० चा तळ निघतो. उंची ३४ ऐवजी ३३ धरली आहे, त्याचे कारण नवारीचेच: तळाशी येणारे वजन आधी कापडाने झेलावे. मोबाइलचा कप्पा हवा असेल तर १५ बाय १८ सेंमीचा, तो अस्तरावर शिवावा, विणीवर नाही. मग नवारीची टोके. अस्तराच्या काठापासून खाली १० सेंमीपर्यंत नवार येऊ द्यावी, तिथे चौकोनात शिलाई मारावी आणि चौकोनात फुली. खालून जोड म्हणून कापडाचा दुहेरी तुकडा घ्यावा. ही शिलाई मशिनवरच करावी. हाताच्या धावदोऱ्यावर पाच किलो सोडू नयेत. सगळे झाल्यावर अस्तर आत सोडून काठाच्या दोन सेंमी खाली हाताने टाचावे, म्हणजे कापड वरून डोकावत नाही.

पिशवी वापरायला किंवा विकायला काढण्याआधी तिची परीक्षा घ्या. एक लिटरच्या पाच भरलेल्या बाटल्या आत ठेवा, म्हणजे पाच किलो झाले, आणि दोन्ही पट्टे दाराच्या कडीला अडकवून रात्रभर टांगून ठेवा. आधी आणि नंतर पट्ट्याच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजा. दोन सेंमीपर्यंत फरक चालेल. चारच्या वर गेला तर नवार लांब राहिली आहे किंवा सुई जाड होती. प्रदर्शनात मांडणाऱ्या बचत गटांनी ही कसोटी स्वतःहून लावून घ्यावी आणि पिशवीच्या चिठ्ठीवर ‘पाच किलो’ असे छापावे, अशी आमची सूचना आहे. सिंहस्थाच्या गर्दीत, २०२७ मध्ये, अशा पिशव्या विकायचा विचार असेल तर आतापासूनच. कारण ही वस्तू घाईत होत नाही.

किती घाईत होत नाही, तेही मोजता येते. तळाचे १,३२०, भिंतीचे १२,०००, पट्ट्यांचे सुमारे २,४००, म्हणजे एका पिशवीत पंधरा हजार सातशेच्या आसपास मुके खांब असतात. चांगला सवयीचा हात मिनिटाला २० घालतो. सलग, न थांबता, १३ तास. अस्तर, नवार, टोके ओवणे धरले तर १५ ते १६ तास, म्हणजे आठ तासांचे दोन दिवस. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये जाहीर झाला होता. त्या दरानेही नुसती मजुरी ६२४ रुपये होते. दोरा, नवार, कापड वेगळे. मग साडेतीनशेला ‘हातची पिशवी’ मागणाऱ्याला आणि त्या भावाला देणाऱ्यालाही हे गणित दाखवायला हवे. क्रोशाचा टाका यंत्रावर होत नाही. ‘क्रोशे मशीन’ नावाने जे यंत्र मिळते, ते लेसच्या पट्ट्या निराळ्याच पद्धतीने विणते. तेव्हा कुठल्याही दुकानात खरी क्रोशाची वस्तू स्वस्त दिसली, तर ती स्वस्ताई कुणाच्या तरी बोटांतून आलेली असते. त्र्यंबकला उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात, नरसापूर आहे. तिथल्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच नरसापूरच्या बायकांचे काम ‘फावल्या वेळातले’ समजून त्यांना किती तुटपुंजी मजुरी दिली जाते, हे अभ्यासक १९८० च्या दशकापासून लिहीत आले आहेत. आपल्या जिल्ह्यातच येवल्याची पैठणी विकताना ‘इतके दिवस लागले’ असे अभिमानाने सांगतात आणि गिऱ्हाईक ते ऐकून घेते. क्रोशाच्या पिशवीवर तास लिहायला काय हरकत आहे?

मनगटाबद्दल एकच सांगणे. सुई बोटांनी आणि कोपरापासून फिरवावी, मनगट मोडून नव्हे, आणि अर्ध्या तासाने हात खाली ठेवावा. घट्ट विणीच्या कामात हे न पाळणाऱ्या बायका दुसरी पिशवी विणत नाहीत.

धुण्याचे राहिले. साध्या पाण्यात, हाताने, पिळा न देता. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की बरेच पाणी निघते. ओली पिशवी पट्ट्याने दोरीवर टांगली, तर नवारीची सगळी मेहनत पाण्यात गेली असे समजा, कारण भिजलेले सूत स्वतःच्याच वजनाने खाली ओढते. चटईवर किंवा खाटेवर, सावलीत, आडवी वाळवावी, अस्तर बाहेर काढून. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा आठवडा-आठवडा कोरडी होत नाही. त्या दिवसांत धुऊ नये, पंख्याखाली वारे द्यावे, नाहीतर अस्तर आणि वीण यांच्यामध्ये कुबट वास धरतो आणि मग तो जात नाही. कांदे-बटाट्यांसाठी जाळीची वेगळी पिशवी असेल तर फारच बरे. तिला अस्तर नको; कांद्याला वारा लागतो आणि माती खाली झडते. तिच्यातही पट्टे मात्र वर सांगितले तसेच.

जागेअभावी हे पत्र कापावे लागणार, याची कल्पना आहे. दोऱ्याचे, दराचे, नरसापूरचे, काय हवे ते कापा. पट्टा आणि नवारीचे दोन परिच्छेद तेवढे राहू द्या. पिशवी तिथेच तुटते.

आपल्या नम्र,
क्रोशाकाम शिकवणाऱ्या काही जणी,
पंचवटी, नाशिक